आमटी कुठल्या अंगाला?

नाववाल्या आप्पांच्या हातात लग्नाच्या पंगतीचा फोटो द्या. ते नवरी बघणार नाहीत, नवरदेव बघणार नाहीत. दागिने, मांडव, कोण कुणाशेजारी बसलंय, कोण रुसलंय, काही म्हणजे काही बघणार नाहीत. चष्मा कपाळावर सारतील, फोटो नाकापाशी नेतील, मान जरा उजवीकडं झुकवतील आणि विचारतील, "म्याडम, हितं आमटी कुठल्या अंगाला गेलीया?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आप्पा, पोटात गेली असणार. फोटो माझ्या जन्माच्या आधीचा आहे."

त्यांना हसू आलं नाही. "चेष्टा नगं. नीट बगा."

मी नीट बघितलं. आमटी सगळीकडं सारखी पसरली होती. आप्पांनी सुस्कारा सोडला, "ही सपाटच," असं पुटपुटले आणि फोटो माझ्याकडं सरकवला. फोटोतली नवरी माझी सख्खी आत्या होती. तिच्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

आता हे आप्पा कोण आणि मी त्यांना फोटो का दाखवत होते, ते सांगते. आमची एक छोटीशी संस्था आहे. कोल्हापूर आणि आसपासच्या घरांतले जुने-नवे फोटो गोळा करायचे आणि इंटरनेटवर ठेवायचे, म्हणजे कुणालाही घरबसल्या बघता येतील, एवढंच आमचं काम. कार्यालय महाद्वार रोडच्या एका बोळात, चपलांच्या दुकानावर, दोन जिने चढून. प्रत्येक फोटोला आम्ही टॅग लावतो. टॅग म्हणजे फोटोत काय काय दिसतंय त्याच्या चिठ्ठ्या. कुणी 'नथ' असं लिहून शोधलं की नथीचे सगळे फोटो पुढं यायला पाहिजेत.

नथीचं बरं चाललं होतं. पातळं, फेटे, बैलगाड्या यांचंही चांगलं होतं. बट्ट्याबोळ झाला होता तो ताटांचा, आणि तो मी केला होता. एका दिवशी मी 'ताट' लिहायची, दुसऱ्या दिवशी 'थाळी', घाई असली की 'प्लेट', मूड असला की 'डिश'. एकदा भूक लागली होती तेव्हा नुसतंच 'जेवण' लिहून मोकळी झाले. त्यामुळं कुणी 'ताट' शोधलं की हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फोटो यायचे आणि बाकीची ताटं संग्रहात कुठंतरी उपाशी बसलेली असायची.

असल्याच एका चिठ्ठीनं आप्पांना आमच्याकडं आणलं. भर दुपारी एक वयस्कर गृहस्थ दोन जिने चढून धापा टाकत दारात उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पिशवी, पुढं धरलेल्या हातात मोबाईल.

"ह्या पितळीला स्टील प्लेट कुणी म्हटलंय?"

"मी," मी म्हटलं.

"तुमी कुठल्या?"

"शिवाजी पेठेतली."

"मग तर लाजच काढली की वो!"

मी पेठेतली आहे, आवाज चढवायला मला कुणी शिकवावं लागत नाही. मीही चढवला. खालच्या चपलावाल्याला वाटलं भांडणं लागली, तो वर बघायला आला. पण खरं सांगायचं तर चूक माझीच होती. पितळी म्हणजे उभ्या काठाचं, खोलगट ताट. आमच्याकडं घरोघरी असतं. आमटीत भाकरी कुस्करून खायची तर पितळीच पाहिजे. सपाट ताटात आमटी मनगटापर्यंत येते. लहानपणापासून मी पितळीतच जेवले होते आणि कॉम्प्युटरपुढं बसल्यावर तिला प्लेट म्हणाले होते. का म्हणाले, मलाही माहीत नाही.

तर हे नाववाले आप्पा. आडनाव काय ते मला अजून माहीत नाही, आणि मला वाटतं कोल्हापुरात कुणालाच माहीत नसावं. चाळीस वर्षं ते एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. तुमच्या घरात एखादा जुना तांब्या असेल, डबा असेल, त्याच्या काठाखाली नाहीतर बुडावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं असतील, अमकीला तमक्या मावशीकडून सप्रेम भेट. ती अक्षरं बहुतेक आप्पांची. गिऱ्हाईक आलं की ते मान वर न करता एका दमात तीन प्रश्न विचारायचे, "कुणाचं नाव? कुणाकडनं? कशापायी?" तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय मशीन चालू करायचे नाहीत. उत्तर मिळालं की घर्रर्र.

स्वतःचं अक्षर ते कुठंही ओळखतात. पहिल्याच दिवशी भांडण झाल्यावर मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पाणी पिण्याआधी तांब्या वर उचलून बूड बघितलं.

"म्याडम, ह्यो तांब्या तुमचा न्हाय."

"असं कसं? तीन वर्षं आमच्याकडंच आहे."

"माझं अक्षर हाय. पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचं नाव हाय. नाव म्हंजे नाव."

बघते तर खरंच! कुठल्यातरी गणपतीत आमच्याकडं आलेला तांब्या आम्ही परत द्यायचं विसरलो होतो आणि मंडळाचं पाणी तीन वर्षं ढोसत होतो. आप्पांनी मला त्याच संध्याकाळी तो परत द्यायला लावला. स्वतः बरोबर आले, मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले, "चोरी न्हवती, वाचता येत न्हाय त्यास्नी." मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुसऱ्या दिवशी ते अकरा वाजता आले, पिशवीतून स्वतःचा कप काढला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, नावं घालूया." पगार नाही, बोलावणं नाही, काही नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवसापासून संग्रहातल्या भांड्यांचं राज्य आप्पांकडं गेलं.

आप्पांचा कायदा कडक. एका भांड्याला एकच नाव, आणि ते सगळ्या फोटोंत तेच. "आज तांब्या, उद्या लोटा, परवा गडू. हे भांडं हाय का फरारी आरोपी?" वाटी कुठली आणि वाडगा कुठला, हे ठरवायला त्यांनी एक पूर्ण दिवस घेतला. शेवटी ठरलं, एका हाताच्या चिमटीत उचलता येते ती वाटी, दोन हात लागतात तो वाडगा. "आणि पैलवानाचं काय?" मी विचारलं. "पैलवानास्नी धरायचं न्हाय," आप्पा म्हणाले.

भांड्यात काय ठेवलंय त्यावरून नाव द्यायचं नाही, हा दुसरा कायदा. एका फोटोत एका मास्तरांच्या टेबलावर फुलपात्र होतं आणि त्यात पेनं उभी केली होती. मी 'पेनदाणी' लिहिलं. आप्पांनी कपाळाला हात लावला.

"म्याडम, उद्या तुमच्या टोपीत कुणी अंडी ठिवली तर तिला खुराडं म्हणणार व्हय?"

मी म्हटलं मी टोपी घालत नाही. "इषय त्यो न्हाय," म्हणून त्यांनी स्वतः खोडून 'फुलपात्र' लिहायला लावलं. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काट्या-चमच्यांचा तिसरा कायदा काढला असता.

सगळं पटत होतं, फक्त एक सोडून. फोटोत पितळी दिसली की तिला आणखी एक चिठ्ठी पाहिजे म्हणायचे. सरळ बसली असेल तर 'सपाट', एका बाजूला झुकली असेल तर 'कलती'. म्हणून ते आमटी बघायचे. पितळी कलती असली की आमटी एका अंगाला गोळा होते, त्यावरून कळतं. कशाला पाहिजे हे, विचारलं तर "पाहिजे" एवढंच उत्तर. घरात शांतता राहावी म्हणून आपण सासूबाईंच्या काही गोष्टी ऐकतो, तशी मी ही ऐकली. शेकडो पितळ्यांना 'सपाट' लावलं. कलती एकही निघाली नाही.

एवढ्यावर थांबतील तर ते आप्पा कसले! लोक आम्हाला फोटो पाठवतात तेव्हा एक अर्ज भरतात. आप्पांनी त्या अर्जाला जोडायला एक कागद तयार केला. पितळी, परात, वाटी, वाडगा, फुलपात्र, तांब्या, सगळ्यांची चित्रं काढून खाली नावं. चित्रं काढताना हात थरथरायचा. त्यामुळं सगळी भांडी थंडी वाजल्यासारखी दिसतात. नावं घालायचं सोडलं तेही ह्या थरथरीमुळंच, असं ते सांगायचे. आणि कागदाच्या तळाशी एक प्रश्न: 'भांडं जमिनीवर सपाट बसतं का? नसेल तर कुठल्या अंगाला कलतं?'

कोल्हापूरकरांना असा प्रश्न विचारायचा म्हणजे काय होणार? एकानं लिहिलं, 'निवडणुकीवर अवलंबून आहे.' एका बाईंनी लिहिलं, 'भांडं सपाट आहे. मालक शनिवारी कलतात.' मी हसून हसून बेजार झाले. आप्पांनी मात्र प्रत्येक अर्ज गंभीरपणे वाचला आणि बाजूला ठेवला.

मग आमचे पुण्याचे सल्लागार मध्ये आले. माणूस सज्जन. महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर दिसतात आणि आम्हाला सुधारतात. त्यांनी आमची यादी बघितली, वाखाणली, आणि विचारलं, "हे सपाट आणि कलती काय आहे? हे कोण शोधणार?"

"शोधणारा शोधंल की," आप्पा माझ्या मागून म्हणाले.

"आणि ही स्टीलची आहे ना? मग पितळी कशी?"

आप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता पडदा फुटतो. "सायब, तुमच्या पुण्यात काचंच्या गिलासाला काय म्हणत्यात? काचच म्हणत न्हाईत न्हवं? भांड्याचं नाव इचारा, धातूची चौकशी मागनं करा."

साहेब हसले. पण नंतर मला एकटीला म्हणाले, नको ते टॅग काढून टाका, यादी स्वच्छ ठेवा. मलाही ते पटलं. 'कलती' शोधलं की कधी काहीच यायचं नाही, भोपळा. मी एका शनिवारी 'सपाट' आणि 'कलती' दोन्ही पुसून टाकले. अर्जावरचा प्रश्नही काढला.

सोमवारी आप्पा आले. पडद्यापुढं बसले, एक-दोन फोटो उघडले. मी भांडणाच्या तयारीत होते, उत्तरंसुद्धा पाठ करून ठेवली होती. ते उठले. आपला कप धुतला, पुसला, पिशवीत घातला आणि जिना उतरून गेले. त्यापेक्षा दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवस खुर्ची रिकामी. मला काही सुचेना. एका फोटोत गडू की चंबू असं काहीतरी होतं, त्यावर वाद घालायला कुणी नव्हतं. शेवटी पत्ता काढून मी त्यांच्या घरी गेले. नदीकडच्या अंगाला, जुनं दोन खोल्यांचं घर. दार उघडलं त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी. ठेंगणी, ठसठशीत, कपाळाला आडवी विभूती, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली कामं थांबावीत.

"या बाई. तुमीच त्या फोटूवाल्या? भिजलाय की! छत्री कुठाय?"

"रिक्षात विसरले."

"नाव घातलं असतं तर आली असती," गौराक्का म्हणाल्या. मला म्हणाल्या, पण बघत होत्या आतल्या खोलीकडं. आतून खोकल्याचा आवाज आला.

चहा ठेवला. पलीकडच्या घरातलं मांजर येऊन खिडकीतून बशीभर दूध पिऊन गेलं. "नाव असतं तर आलं असतं," गौराक्का म्हणाल्या. आतून पुन्हा खोकला. लाईट गेली. "नाव असतं तर आली असती." मला हसू आवरेना. मग मी विचारलं, हे काय आहे? आणि गौराक्कांनी मला सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, आतल्या खोलीत नीट ऐकू जाईल असं.

गौराक्कांचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, पार सीमेवर. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना वडिलांनी बाजारातून एक स्टीलची पितळी आणली. तेव्हा स्टीलचं कौतुक केवढं! गावातली ती पहिलीच. आल्या दिवशीच गौराक्कांनी ती माळ्यावर ठेवायला म्हणून वर नेली आणि तिथून खाली पाडली. बुडाला पोचा आला. आता मार बसणार म्हणून पोरगी कोपऱ्यात बसली. वडिलांनी पितळी उचलली, भात वाढून घेतला, वर आमटी घेतली. पितळी एका अंगाला कलली, आमटी तिकडं गेली, भात इकडं कोरडा राहिला. ते म्हणाले, "बरं झालं बघ. कवापासनं मला आसं पाहिजे हुतं." त्या रात्री पोरीलाही त्यातच जेवायला दिलं. लग्नात तीच पितळी तिच्याबरोबर दिली. पुढची चाळीस-बेचाळीस वर्षं गौराक्का दुसऱ्या कशात जेवल्या नाहीत.

"आणि ह्यांस्नी मी दर वर्साला म्हणायची, आवो, माझ्या पितळीवर नाव घाला की. सगळ्या कोल्लापूरच्या भांड्यावर घालताय. तर म्हणायचे, आपली भांडी कुठं जात्यात?"

गेल्या महापुरात गल्लीत कमरेच्या वर पाणी आलं. गौराक्का तेव्हा बहिणीकडं गडहिंग्लजला होत्या. पाणी ओसरल्यावर घराघरांतली भांडी चिखलात एकमेकांत मिसळलेली. लोकांनी ती धुऊन शाळेच्या पटांगणात रचली. आता कुणाचं कुठलं? आप्पांना बोलावलं. आप्पा दोन दिवस त्या ढिगापुढं बसले. एकेक भांडं उचलायचं, आपलं अक्षर वाचायचं, मोठ्यानं नाव पुकारायचं. लोक यायचे, आपलं भांडं छातीशी धरून न्यायचे. काही बायका तर रडल्या. आप्पांच्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे दोन दिवस होते. शेवटी बिननावाच्या भांड्यांचा ढीग उरला. ते कुणी घ्यायचं? आप्पाच म्हणाले, "ज्येच्यावर नाव न्हाय ते कुणाचं न्हाय. टेम्पोत भरा. ज्यांचं सगळं गेलंय त्यांच्या गावास्नी पाठवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेम्पो गेला.

चार दिवसांनी गौराक्का आल्या, घर झाडलं, चूल पेटवली आणि विचारलं, "माझी पितळी?"

हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. आतून खोकला आला नाही. मी चहाचा कप खाली ठेवला. शेकडो फोटोंत मान वाकडी करून आमटी बघणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला, आणि मी त्याची चिठ्ठी स्वच्छतेसाठी पुसली होती.

मी उठून आतल्या खोलीच्या दारात गेले. "आप्पा, चुकलं माझं. उद्या सगळं परत लावते. अर्जातला प्रश्नही."

आप्पा खाटेवर बसून पंचा घडी करत होते. घडी केलेलाच पंचा परत घडी करत होते. "चुकलं तर चुकलं," ते म्हणाले. "कप आणू काय मग?"

पुण्याच्या साहेबांना मी कळवलं, कलती राहणार. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, शोधणारा मिळालाय.

त्यानंतर काही महिने गेले. रोज सकाळी अकराला आप्पा यायचे आणि आधी मला 'पितळी, कलती' शोधायला लावायचे. रोज भोपळा. "बरं," म्हणायचे आणि कामाला लागायचे. पाडवा झाल्यावर एका सकाळी मी शोधलं आणि भोपळ्याच्या जागी एक आला.

फोटो कागलकडच्या एका गावातून आला होता. बाळाचं उष्टावण. मामा मांडीवरच्या पोरीला खीर भरवतोय, पोरीनं सगळी खीर नाकाला लावून घेतलीय. पुढ्यात पितळी. आणि पितळीतली उरलेली खीर सगळी उजव्या अंगाला. पाठवणारीनं अर्जावर लिहिलं होतं, 'पितळी. सपाट बसत नाही. उजवीकडं कलती. भात कोरडा राहतो, बरं पडतं.'

आप्पांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, "म्याडम, वाईच पाणी द्या." तांब्याचं बूड न बघता प्याले.

गौराक्कांना त्यांनी काही सांगितलं नाही. दुसरीच निघाली तर? "एके ठिकाणी फोटू काढायला जायचंय, चल फिरून येऊ," एवढंच. आम्ही तिघं एस.टी.नं कागलला गेलो, तिथून रिक्षा. आप्पा माझ्या शेजारी बसून सबंध वाटभर, गौराक्कांना ऐकू जाणार नाही असं पुटपुटत होते, "मागायची कुठल्या तोंडानं? नाव न्हाय वो तिच्यावर. सगळ्या जगाला मीच सांगितलंय, नाव न्हाय तर भांडं तुमचं न्हाय."

ते घर सुवर्णाचं. तिशीची बाई, मोकळी, हसरी, कडेवर ती खीर लावलेली पोरगी. "या पावणं, बसा!" गौराक्का हात-पाय धुवायला आत गेल्या, तेवढ्यात आम्ही फोटोंबद्दल विचारलं. पितळीचा विषय निघाला तशी ती म्हणाली, "महापुरात आमचं सगळं गेलतं बघा. ताटसुदिक ऱ्हायलं न्हवतं. मदतीच्या टेम्पोतनं ही आली. घरात परत चूल पेटली तवा पयला घास हिच्यातच खाल्लाय आमी. म्हणून पोरीचं उष्टावणबी हिच्यातच केलं."

मी आप्पांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. मी कोपरानं ढोसलं. ते म्हणाले, "लई झ्याक हाय पितळी." मला कळलं, हा माणूस मागणार नाही. इतके महिने मान वाकडी करून शोधलेली गोष्ट समोर भिंतीला टेकून उभी आहे आणि हा हात नसल्यासारखा बसलाय. मला रागही आला आणि रडूही.

जेवल्याशिवाय जाऊ देईल ती सुवर्णा कसली! पानं वाढली. भाकरी, वांगं, खर्डा, भात, आमटी. कुणापुढं कुठलं भांडं ठेवलं याचा तिनं विचार केला नव्हता. गौराक्का आत हात-पाय धुऊन आल्या आणि गप्पा मारत-मारतच बसल्या. कुठलं माहेर, पाऊस कसा, पोरगी चालायला कधी लागली. बोलता बोलता त्यांचा उजवा हात पुढं गेला आणि त्यांनी पुढ्यातलं भांडं काठाला धरून गर्रकन अर्धं फिरवलं. आमटी पलीकडं गेली. कोरडा भात हाताशी आला. त्या बोलतच होत्या.

सुवर्णा वाढता वाढता थांबली. "अक्का, तुमास्नी कसं कळलं ती फिरवायची? आमच्या घरात बाकी कुणाला येत न्हाय. मलाबी वरीस लागलं शिकायला."

गौराक्कांचं बोलणं तुटलं. त्यांनी खाली बघितलं. मग बोटानं हळूच पितळीचं बूड चाचपलं. आणि ती मोठ्या आवाजाची बाई इतकी बारीक बोलली की मला ऐकायला पुढं वाकावं लागलं. "आवो... माझीच की ही."

पुढं जे झालं त्याला भांडण म्हणावं का माहीत नाही. सुवर्णा म्हणे घेऊन जा, गौराक्का म्हणत लेकराचं उष्टावण झालंय, न्हेणार न्हाय. सुवर्णा म्हणे तुमच्या बाची हाय. गौराक्का म्हणत तुझ्या पोरीची हाय. दोघींचे आवाज चढले, पितळी इकडून तिकडं, तिकडून इकडं, आमटी सगळ्यांच्या अंगावर. शेवटी पोरगी रडायला लागली म्हणून तह झाला. पितळी गौराक्कांनी न्यायची, आणि पोरीला नवीकोरी पितळी द्यायची, नाव घातलेली.

"नाव कोण घालणार?" आप्पांनी विचारलं.

दोघींनी त्यांच्याकडं एकदमच बघितलं.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी पोत्यात बांधून ठेवलेली मशीन आमच्या कार्यालयात आणली. घरी नको म्हणाले, शेजारी जमतात. चपलावाला तरीही वर आला. आधी सुवर्णाच्या पोरीची पितळी झाली. हात थरथरत होता, पण जमलं. नाव, कुणाकडून, उष्टावणानिमित्त. गौराक्कांनी ती उजेडात धरून पास केली.

मग त्यांनी आपली कलती पितळी पुढं ठेवली. आप्पांनी मान वर केली नाही. पायरीवर बसायचे तशा आवाजात विचारलं, "कुणाचं नाव?"

"माझं. गौरा. नुसतं."

"कुणाकडनं?"

"तुमच्याकडनं."

"कशापायी?"

गौराक्कांनी बुडाच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "उशीर झाला म्हणून. लिव्हा."

आप्पांनी मशीन चालू केली. घर्रर्र. बराच वेळ लागला. मध्ये दोनदा थांबून त्यांनी चष्मा पुसला. मीही माझा पुसला. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी उमटलं: गौरा. आप्पाकडून. उशीर झाला म्हणून.

गौराक्कांनी बघितलं. "सगळी अक्षरं उजवीकडं कलंडली की वो!"

"पितळीच कलती हाय," आप्पा म्हणाले. "नाव सरळ कसं येणार?"

दोघंही हसायला लागली. मी घाईघाईनं कॅमेरा काढला आणि पितळी मांडीवर घेऊन बसलेल्या गौराक्कांचा फोटो घेतला. संग्रहात चढवला. 'पितळी, कलती.' आता शोधलं की दोन येतात.

आप्पा खुर्ची ओढून पडद्यापुढं आले. चष्मा कपाळावर सारला, नाक पडद्याला लावलं, मान उजवीकडं झुकवली. मी उत्तर तयार ठेवलं होतं, आमटी नाहीये आप्पा, पितळी रिकामी आहे.

"म्याडम," ते म्हणाले, "हिचं हसू नीट आलंय न्हवं?"